कायद्याच्या पानावरची वीज

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीवर ग्रँड कूली नावाचं धरण आहे. लांबी जवळजवळ 1.6 किलोमीटर, उंची 168 मीटर. 1942 मध्ये ते पुरं झालं. तिथल्या वीजगृहांची क्षमता आज 6,809 मेगावॉट आहे. आपल्या कोयनेचे चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजगृह धरून 1,960 मेगावॉट होतात. त्याच्या जवळजवळ साडेतीन पट. उत्तरेला कॅनडाच्या डोंगरांत बर्फ पडतं, उन्हाळ्यात वितळून नदीला येतं, धरणाच्या पोटातली टर्बाइनं फिरवतं, समुद्राला मिळतं आणि ढग होऊन पुन्हा डोंगरावर जातं. शाळेतलं पोरही सांगेल की ही कधी न संपणारी ऊर्जा आहे.

वॉशिंग्टनच्या मतदारांनी 2006 साली सार्वमताने केलेला कायदा मात्र ग्रँड कूलीच्या विजेला अक्षय मानत नाही. जुन्या धरणांच्या बाबतीत त्याने एकच सूट ठेवली: 31 मार्च 1999 नंतर यंत्रं सुधारून जी जादा वीज निघेल, तेवढीच मोजायची.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही मसुदा लिहिणाऱ्याची चूक वाटली होती. पण हे पूर्ण विचारांती केलेलं होतं. राज्याची निम्म्याहून बरीच जास्त वीज आधीपासूनच पाण्यावर होत होती. कायद्याला हवं होतं ते असं: 25,000 हून जास्त ग्राहक असलेल्या वीज कंपन्यांनी 2020 पर्यंत आपल्या विजेतला 15 टक्के वाटा नव्या अक्षय स्रोतांतून आणावा. जुनी धरणं मोजली असती तर बहुतेक कंपन्या पहिल्याच दिवशी बसल्या जागी पास झाल्या असत्या आणि कायद्यापायी एकही नवी पवनचक्की उभी राहिली नसती. म्हणून ‘अक्षय’ या शब्दालाच कुंपण घातलं गेलं. पुढे 2019 मध्ये त्याच राज्याच्या विधिमंडळाने दुसरा कायदा केला. 2045 पर्यंत सगळी वीज कार्बनमुक्त करायची असं त्याचं लक्ष्य. त्यात ग्रँड कूलीचं पाणी मोजलं जातं, आणि अणुवीजही. धरणातला एक दगड हलला नव्हता, तरी एका कायद्याने बाहेर ठेवलेलं पाणी दुसऱ्याने आत घेतलं.

पाणी आणि अणू या दोन स्रोतांसाठी अमेरिकेतल्या राज्यांनी गेल्या पन्नास वर्षांत जे कायदे केले, त्यांची गोष्ट अशा शब्दांची आहे. टर्बाइन फिरतं ते भौतिकशास्त्राच्या नियमाने. ते बसवायचं की नाही, किती वर्षं चालवायचं, त्याचे पैसे कोणी द्यायचे, हे ठरतं राजधानीतल्या एखाद्या समितीच्या खोलीत, एखाद्या व्याख्येतल्या दोन शब्दांवर. विजेबद्दल आपल्याकडे इतकं बोललं जातं, पण या खोलीकडे लक्ष फार थोड्यांचं असतं. ते असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीला असला काही कायदाच नव्हता. 30 सप्टेंबर 1882 रोजी विस्कॉन्सिन राज्यातल्या ॲपल्टन गावी, फॉक्स नदीच्या काठावर, कागदाच्या धंद्यातल्या एका गृहस्थाने पाण्याच्या चाकाला एडिसनचं जनित्र जोडलं आणि आपल्या कारखान्यांत व घरात दिवे लावले. वीज मोजायला मीटर नव्हते. दिव्यामागे पैसे आकारले जात. दाब कमी झाला की जास्त हे सांगणारं उपकरणही नव्हतं. दिवा मंद दिसतोय की फार तेज, हे चालवणारा डोळ्यांनी बघायचा आणि त्यावरून यंत्राचा वेग सांभाळायचा. नदी सरकारची की गिरणीवाल्याची, हा प्रश्न त्या खोलीत कोणाच्या डोक्यात नसावा.

चाळीस वर्षांच्या आत तो प्रश्न उभा राहिला. 1920 च्या जलविद्युत कायद्याने नद्यांवर वीजप्रकल्प बांधण्याचा परवाना देण्याचा अधिकार केंद्राने आपल्याकडे घेतला, आणि 1946 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोवा राज्यातल्या एका धरणाच्या खटल्यात सांगून टाकलं की केंद्राचा परवाना असेल तर राज्याच्या वेगळ्या परवान्यावाचून काम अडू शकत नाही. अणूच्या बाबतीत तर केंद्राची पकड आणखी घट्ट. 1954 च्या अणुऊर्जा कायद्याने किरणोत्सर्ग आणि अणुभट्टीची सुरक्षितता हा विषय पूर्णपणे केंद्राचा झाला.

आपल्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. भारताच्या राज्यघटनेत अणुऊर्जा संघसूचीत आहे, सहाव्या क्रमांकावर. वीज समवर्ती सूचीत, 38 व्या क्रमांकावर. पाणी राज्यसूचीत, पण नदी एकाहून जास्त राज्यांतून वाहत असेल तर त्यावर केंद्राचा हात. म्हणून कोयनेचं पाणी पश्चिमेला वळवून किती वीज करायची, याची मर्यादा महाराष्ट्राच्या विधानसभेने ठरवलेली नाही. ती कृष्णा पाणीतंटा लवादाने घालून दिली. आणि तारापूर किंवा जैतापूरच्या अणुभट्टीवर बंदी घालणारा कायदा मुंबईत करता येत नाही. राज्याच्या हातात राहते ती जमीन. पश्चिम बंगाल सरकारने 2011 मध्ये हरिपूरच्या अणुप्रकल्पाला जागा द्यायचं नाकारलं आणि प्रकल्प तिथेच थांबला.

अमेरिकेच्या राज्यांकडेही अशाच बाजूच्या वाटा उरल्या होत्या. वीज हवी की नको हे ठरवणं, विजेचे दर ठरवणं, जमिनीचा वापर, पाण्याची शुद्धता. यातल्या प्रत्येक वाटेने कोणी ना कोणी गेलंय.

सगळ्यात हुशारीची वाट कॅलिफोर्नियाने शोधली, असं माझं मत आहे.

1976 साल होतं. जूनमध्ये तिथे पंधराव्या क्रमांकाच्या प्रस्तावावर सार्वमत व्हायचं होतं. प्रस्ताव कडक होता. तो पास झाला असता तर चालू अणुभट्ट्यांवरही गदा आली असती. फेब्रुवारीत जनरल इलेक्ट्रिकच्या अणुविभागातल्या तीन वरिष्ठ अभियंत्यांनी राजीनामे दिले आणि ते प्रस्तावाच्या बाजूने प्रचाराला उतरले. (तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या याच कंपनीच्या, त्या 1969 पासून वीज देऊ लागल्या होत्या.) वातावरण तापलेलं असताना राज्याच्या विधिमंडळाने मधला मार्ग काढला. तीन कायदे केले आणि गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी मतदानाच्या काही दिवस आधी त्यांवर सही केली. मतदारांनी मोठ्या फरकाने तो कडक प्रस्ताव फेटाळला. पण हे तीन कायदे राहिले.

त्यांतलं कळीचं कलम वाचण्यासारखं आहे. अणुवीज धोक्याची आहे असं ते कुठेही म्हणत नाही. ते एवढंच म्हणतं: वापरलेल्या इंधनाची कायमची विल्हेवाट लावण्याचं सिद्ध झालेलं तंत्र आहे आणि केंद्र सरकारने त्याला मान्यता दिली आहे, असं राज्याच्या ऊर्जा आयोगाला जोवर आढळत नाही, तोवर राज्यात नव्या अणुवीज केंद्राला जमीन मिळणार नाही. 1978 मध्ये आयोगाने पाहिलं. तसं तंत्र नव्हतं. ब्लाइथ गावाजवळच्या वाळवंटात सॅन डिएगोची वीज कंपनी सनडेझर्ट नावाचं केंद्र उभारणार होती, तिने सूट मागितली. विधिमंडळाने दिली नाही. केंद्र झालं नाही.

वीज कंपन्या कोर्टात गेल्या. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: सुरक्षितता केंद्राचा विषय, राज्याने मागच्या दाराने त्यात हात घातलाय. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि 20 एप्रिल 1983 रोजी न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी लिहिलेल्या निकालात न्यायालय एकमताने राज्याच्या बाजूने उभं राहिलं. कारण असं दिलं: वापरलेलं इंधन ठेवायला जागा नसेल तर साठवणीचे हौद भरतील, केंद्र मध्येच बंद करावं लागेल आणि तोपर्यंत घातलेला पैसा वाया जाईल. हे आर्थिक कारण आहे. विजेच्या पैशाची काळजी करणं हा राज्याचा जुना अधिकार आहे.

या निकालाने सगळ्या राज्यांना एक भाषा शिकवली. अणुभट्टीची भीती वाटते असं कायद्यात लिहिलं तर तो कायदा पडतो. तीच अणुभट्टी परवडत नाही असं लिहिलं तर टिकतो. लोकांच्या मनातली खरी काळजी कायद्याच्या कागदावर उच्चारता येत नाही, ही मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात दुखरी जागा वाटते. किती दुखरी, हे पुढे व्हरमाँटमध्ये कळलं.

त्याआधी वापरलेल्या इंधनाचं काय झालं ते पाहायला हवं, कारण कॅलिफोर्नियाचं कलम त्याच्यावर टांगलेलं आहे. 1982 च्या केंद्रीय कायद्याने सरकारने शब्द दिला: 31 जानेवारी 1998 पासून आम्ही हे इंधन वीज कंपन्यांकडून उचलू. 1987 मध्ये संसदेने बाकीच्या जागांचा विचार सोडून एकच जागा धरली, नेवाडातला युका पर्वत. नेवाडात तर अणुवीज केंद्र एकही नाही. 1989 मध्ये नेवाडाच्या विधिमंडळाने कायदा केला की असा कचरा राज्यात साठवणं बेकायदा. 2002 मध्ये तिथल्या गव्हर्नरने अधिकृत नकार दिला, संसदेने तो नकार बाजूला सारला, आणि 2010 मध्ये केंद्रानेच प्रकल्प सोडून दिला. 1998 चा शब्द पाळला गेला नाही. वीज कंपन्यांनी दावे लावले आणि त्यांना नुकसानभरपाई सरकारी तिजोरीतून दिली जाते आहे.

मग इंधन आहे कुठे? जिथे जळलं तिथेच. काही वर्षं ते पाण्याच्या खोल हौदात थंड होतं, मग जाड भिंतींच्या पिंपात भरून उघड्यावर, काँक्रीटच्या ओट्यावर उभं केलं जातं. मिनेसोटा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठावर रेड विंग गावाजवळ प्रेअरी आयलंड नावाचं केंद्र आहे. तिथलं पिंप सुमारे 5 मीटर उंच, भरल्यावर 100 टनांहून जड. पोलादी भिंत वीतभर जाड. आत 40 इंधनजुड्या. पिंपाला पंखा नाही, पंप नाही. आतली ऊब भिंतीतून आपोआप हवेत जाते. जवळ उभं राहिलं तर एखादा न हलणारा लोखंडी रांजण वाटावा. केंद्राच्या शेजारीच, काही शे मीटरवर, डकोटा आदिवासींची वस्ती आहे. ही भूमी त्यांची. केंद्र त्यांच्या दारात आलं.

1994 साली हौद भरत आला आणि पिंपं ठेवायची परवानगी मागायला कंपनीला मिनेसोटाच्या विधिमंडळाकडे यावं लागलं. तिथे जो सौदा झाला तसा दुसरीकडे कुठे झाल्याचं मला ठाऊक नाही. विधिमंडळाने 17 पिंपांना परवानगी दिली. बदल्यात कंपनीने 2002 पर्यंत 425 मेगावॉटच्या पवनचक्क्या उभ्या करायच्या, शिवाय जैविक इंधनावर वीज करायची. आणि राज्यात नवं अणुवीज केंद्र नको, हेही त्याच वर्षी कायद्यात गेलं. राज्याच्या नैर्ऋत्येला बफेलो रिज नावाचा वाऱ्याचा उंचवटा आहे. तिथल्या पवनचक्क्यांना बळ मिळालं ते या पिंपांमुळे. शेजारच्या वस्तीला मात्र पिंपं मिळाली, वारा दुसरीकडे होता. हेही सांगितलंच पाहिजे.

आता व्हरमाँट. ईशान्येचं डोंगराळ, छोटं राज्य. कनेक्टिकट नदीकाठी व्हर्नन गावात 1972 पासून व्हरमाँट यँकी नावाची एकच अणुभट्टी होती, सुमारे 620 मेगावॉटची. राज्याला लागणाऱ्या विजेचा सुमारे तिसरा हिस्सा तिच्याकडून यायचा. चाळीस वर्षांचा परवाना 21 मार्च 2012 ला संपणार होता. 2006 मध्ये विधिमंडळाने कायदा केला की त्यापुढे केंद्र चालवायचं तर आमची संमती लागेल. असा अधिकार स्वतःकडे घेणारं राज्य विरळच. जानेवारी 2010 मध्ये केंद्राच्या आवारातल्या भूजलात ट्रिटियम सापडलं. जमिनीखालच्या नळांतून गळती होत होती. 24 फेब्रुवारीला राज्याच्या सिनेटमध्ये मतदान झालं. मुदत वाढवण्याच्या विरोधात 26, बाजूने 4.

त्याच वर्षी, काही महिन्यांतच, त्याच विधिमंडळाने दुसरी गोष्ट केली. कितीही मोठा जलविद्युत प्रकल्प असला तरी त्याची वीज अक्षय मानायची, असं ठरवणारं व्हरमाँट हे पहिलं राज्य झालं. डोळ्यांपुढे होतं कॅनडाचं क्वेबेक. तिथल्या हायड्रो-क्वेबेक या वीज कंपनीकडून 2012 पासून 26 वर्षं, 225 मेगावॉटपर्यंत वीज घ्यायचा करार होत होता.

आणि हे पाणी कुठलं? क्वेबेकच्या उत्तरेला जेम्स उपसागराकडे वाहणाऱ्या नद्यांचं. तिथे क्री आदिवासींच्या शिकारीच्या हजारो चौरस किलोमीटर रानावर जलाशय पसरले. बुडालेल्या झाडपाल्यातून पारा माशांत उतरला आणि पिढ्यान् पिढ्या मासे खाणाऱ्यांना ते जपून खा असं सांगावं लागलं. 1990 च्या आसपास ग्रेट व्हेल नदीवर नवा प्रकल्प यायचा होता, तेव्हा क्री लोक न्यूयॉर्कपर्यंत आले. न्यूयॉर्कने 1992 मध्ये वीजखरेदीचा मोठा करार सोडला आणि 1994 मध्ये क्वेबेकने प्रकल्प गुंडाळला. म्हणजे शेजारच्या एका राज्याने विकत घ्यायला नकार दिला म्हणून एक नदी वाहती राहिली. ‘अक्षय’ हा शब्द लिहिताना नदीच्या उगमाकडच्या माणसांचाही विचार व्हावा, हे मला या घटनेने शिकवलं. व्हरमाँटच्या कायद्यात मोठ्या धरणाला वरची मर्यादा नाही. आणि तरी हेही खरं, की अणुभट्टी जाणार असताना कोळसा नको, तर एवढी वीज त्या छोट्या राज्याने आणायची कुठून?

अणुभट्टीच्या कंपनीने खटला लावला. मार्च 2011 मध्ये, फुकुशिमाच्या दुर्घटनेला जेमतेम दहा दिवस होत असताना, केंद्राच्या अणुनियामक आयोगाने व्हरमाँट यँकीला आणखी वीस वर्षांचा परवाना दिला. पुढच्या जानेवारीत जिल्हा न्यायाधीशांनी राज्याचा कायदा रद्द केला. त्यांनी समित्यांच्या बैठकांच्या ध्वनिफिती आणि नोंदी तपासल्या होत्या. आमदारांच्या बोलण्यात सुरक्षिततेची काळजी जागोजागी होती, आणि तो शब्द टाळून दुसरा शब्द वापरायला हवा, असंही बोलणं तिथे झालं होतं. 1983 चा धडा आमदारांना पाठ होता. मनातलं मात्र तोंडून गेलं. राज्य हरलं. आणि इतकं लढून जिंकलेली कंपनी 2013 मध्ये म्हणाली, केंद्र परवडत नाही. स्वस्त नैसर्गिक वायूपुढे ते टिकेना. 29 डिसेंबर 2014 रोजी ते बंद झालं.

व्याख्यांच्या रेषा कुठे आखल्या जातात हेही पाहण्यासारखं आहे. अक्षय विजेची सक्ती पहिल्यांदा केली आयोवाने, 1983 मध्ये. कॅलिफोर्नियाने 2002 च्या कायद्यात पाण्याची रेषा 30 मेगावॉटवर आखली. मिनेसोटाने 100 वर. म्हणजे 50 मेगावॉटचं एखादं वीजगृह मिनेसोटात अक्षय, कॅलिफोर्नियात नाही. भारताने ही रेषा 25 मेगावॉटवर आखली होती. त्यामुळे पोफळीच्या डोंगराच्या पोटात वर्षानुवर्षं फिरणाऱ्या कोयनेच्या यंत्रांची वीज मार्च 2019 पर्यंत सरकारी हिशेबात अक्षय नव्हती. तेव्हा केंद्राने मोठ्या जलविद्युतलाही तो दर्जा दिला. तरी वितरण कंपन्यांवरच्या खरेदीच्या सक्तीत सुरुवातीला मोजले गेले ते 8 मार्च 2019 नंतर सुरू झालेले प्रकल्पच. ग्रँड कूलीला जो न्याय लागला, तोच इथे लागला, आणि कारणही तेच: नवं काही उभं राहावं.

पैशाच्या वाटेने केलेल्या कायद्यांत माणसं सगळ्यात जास्त पोळली.

वॉशिंग्टन राज्यातल्या सार्वजनिक वीज संस्थांनी एकत्र येऊन 1970 च्या दशकात पाच अणुवीज केंद्रं बांधायला घेतली. चौथ्या आणि पाचव्या केंद्रासाठी 88 लहानमोठ्या वीज संस्थांनी करार केले होते: वीज मिळो न मिळो, कर्जाचे हप्ते आम्ही भरू. खर्च फुगत गेला, ती दोन्ही केंद्रं अर्ध्यावर सोडावी लागली आणि हप्ते आले. तेव्हा जून 1983 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राज्याचा कायदा या संस्थांना वीज विकत घेण्याचा अधिकार देतो, न मिळणाऱ्या विजेचे पैसे भरायचा अधिकार देत नाही; म्हणून करार मुळातच पोकळ. पुढच्याच महिन्यात 225 कोटी डॉलरचे कर्जरोखे बुडाले. अमेरिकेतल्या सार्वजनिक कर्जरोख्यांच्या इतिहासात तोवर एवढी मोठी रक्कम बुडाली नव्हती. ज्यांनी म्हातारपणासाठी ते रोखे घेऊन ठेवले होते, त्यांच्यावर घाव बसला. पाचांतलं एकच केंद्र पुरं झालं आणि आजही चालतं.

साउथ कॅरोलायनाने 2007 मध्ये उलट टोकाचा कायदा केला. केंद्र बांधून होण्याआधीच त्याच्या कर्जाचा खर्च ग्राहकांच्या बिलात लावायची मुभा दिली. जेनकिन्सव्हिलजवळ व्ही. सी. समर इथे दोन नव्या अणुभट्ट्यांचं काम सुरू झालं. दर नऊ वेळा वाढले. शेवटी शेवटी घरगुती बिलातला सुमारे 18 टक्के हिस्सा, महिन्याला 27 डॉलरच्या आसपास, या न झालेल्या केंद्रासाठी जात होता. बिल आलं, भरलं. दिवा मात्र जुन्याच केंद्राच्या विजेवर लागत होता. 31 जुलै 2017 ला काम सोडून देण्यात आलं. तोवर सुमारे 900 कोटी डॉलर खर्च झाले होते. पुढच्या वर्षी विधिमंडळाने कायदा मागे घेतला.

शेजारच्या जॉर्जियात 2009 चा कायदा तशाच वळणाचा आणि अणुभट्ट्याही त्याच नमुन्याच्या. तिथल्या व्होगल केंद्राची तिसरी अणुभट्टी 31 जुलै 2023 ला वीज विकू लागली, चौथी एप्रिल 2024 मध्ये. एकूण खर्च 3,000 कोटी डॉलरच्या पुढे, ठरल्याच्या दुपटीहून जास्त. पण त्या उभ्या आहेत आणि चालतात.

ओहायोबद्दल थोडक्यात सांगतो, कारण लिहितानाही वाईट वाटतं. 2019 मध्ये तिथे दोन अणुवीज केंद्रं वाचवण्यासाठी ग्राहकांच्या बिलातून वर्षाला 15 कोटी डॉलर देणारा कायदा झाला. पुढे उघड झालं की तो पास व्हावा म्हणून सुमारे 6 कोटी डॉलर फिरले होते. विधानसभेचे अध्यक्ष लॅरी हाउसहोल्डर यांना 2023 मध्ये 20 वर्षांची शिक्षा झाली. अणुकेंद्रांचा हिस्सा 2021 मध्येच रद्द झाला होता. इलिनॉयनेही 2016 मध्ये आपली दोन केंद्रं कायद्याने वाचवली. मदत घेणं आणि लाच देणं या वेगळ्या गोष्टी आहेत, पण पुढे कोणी मदत मागितली की लोकांना ओहायोच आठवतं.

गेल्या दहा वर्षांत वारा फिरला. विस्कॉन्सिनने 1983 ची बंदी 2016 मध्ये उठवली, केंटकीने 1984 ची 2017 मध्ये, माँटानाने 1978 ची 2021 मध्ये, वेस्ट व्हर्जिनियाने 1996 ची 2022 मध्ये. यांतली काही कोळशाची राज्यं. खाणी बंद पडत असताना जुन्या वीजगृहाच्या जागी आणि तारांच्या जाळ्यावर दुसरं काही बसवता येईल का, हा त्यांचा प्रश्न. इलिनॉयने 2023 मध्ये छोट्या अणुभट्ट्यांपुरतं दार उघडण्याची तरतूद केली.

आणि कॅलिफोर्निया? तिथे सॅन लुइस ओबिस्पो परगण्यात, समुद्राच्या कड्यावर डिआब्लो कॅन्यन हे केंद्र आहे. 1976 च्या कायद्याआधीच त्याचं बांधकाम सुरू झालेलं, म्हणून ते त्यातून सुटलं. मग किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर समुद्रतळाशी होस्ग्री नावाचा भूभ्रंश असल्याचं पुढे आलं आणि बांधकाम नव्याने बळकट करावं लागलं. 1981 मध्ये आंदोलकांनी वाट अडवली तेव्हा सुमारे 1,900 जणांना अटक झाली. त्याच सप्टेंबरात कंपनीच्या एका तरुण अभियंत्याच्या लक्षात आलं की नकाशे उलटसुलट झालेत. दोन्ही अणुभट्ट्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत, आणि भूकंपासाठीचे आधार मोजताना एकीचा नकाशा दुसरीला लावला होता. सगळं पुन्हा तपासण्यात आलं. केंद्र अखेर 1985 आणि 1986 मध्ये सुरू झालं.

2016 मध्ये कंपनीने जाहीर केलं की 2024 आणि 2025 मध्ये, परवाने संपताच, आपण ते बंद करू. 2018 मध्ये जेरी ब्राउन यांनी, होय, 1976 च्या त्याच गव्हर्नरांनी, पुन्हा त्या पदावर असताना 2045 पर्यंत सगळी वीज शून्य-कार्बन स्रोतांतून आणण्याच्या कायद्यावर सही केली. 1979 मध्ये डिआब्लोविरुद्धच्या सभेत बोललेले हेच ब्राउन. त्या कायद्यात शून्य-कार्बन म्हणजे नेमकं काय, याची व्याख्याच दिलेली नाही. मोठी धरणं आणि चालू अणुभट्टी दोन्ही त्या मोकळ्या जागेत बसली.

ऑगस्ट 2020 च्या उष्णतेच्या लाटेत राज्यात आळीपाळीने वीज तोडावी लागली. मग 2022 च्या अधिवेशनाच्या शेवटच्या रात्री विधिमंडळाने कायदा केला, आणि 2 सप्टेंबरला गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी सही केली: डिआब्लो कॅन्यन 2029 आणि 2030 पर्यंत चालू द्यायचं, त्यासाठी राज्याकडून 140 कोटी डॉलरपर्यंत कर्ज. चार दिवसांनी, 6 सप्टेंबरला, राज्यातल्या मुख्य वीजजाळ्यावरची मागणी 52,061 मेगावॉटला पोचली, तोवरचा विक्रम. त्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावर डिआब्लोच्या सुमारे 2,240 मेगावॉटचं मोल कोणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

1976 चं कलम मात्र कोणी काढलेलं नाही. नव्या केंद्राला आजही तीच अट आहे. डिआब्लोपासून दक्षिणेला, सॅन डिएगोच्या वाटेवर, सॅन ओनोफ्रे इथे 2013 मध्ये कायमचं बंद झालेलं दुसरं केंद्र आहे. त्याच्या आवारात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, वापरलेल्या इंधनाचे 123 पोलादी डबे काँक्रीटमध्ये बसवून ठेवलेत. पलीकडच्या लाटांवर पोरं फळ्या घेऊन उतरतात. नेवाडा ते डबे घेत नाही, दुसरी जागा ठरलेली नाही, आणि ऊर्जा आयोगाला 1978 मध्ये जे आढळलं नाही ते अजून आढळायचं आहे.